वाळीत टाकलेल्या घरातली दोन भावंडं

धोतराच्या पडद्यावर पंच चालत आला तेव्हा त्याच्या फासळ्या दिसत होत्या. डोक्यावर फेट्याचा आकार, हातात काठी, आणि छातीच्या जागी निळसर उजळलेल्या पट्ट्या. समोर बसलेली पोरं आधी चूप झाली, मग एकदम हसली. सावल्यांचा खेळ होता, आणि तो पंच एक्स-रेच्या फिल्ममधून कापलेला होता. फिल्म त्या घरातल्या बापाची, काही वर्षांपूर्वी क्षयाच्या उपचारात काढलेली. फिल्मवर हाडांचा भाग जवळजवळ पारदर्शक असतो आणि फुप्फुसातली हवा काळी उमटते. त्यामुळे मागून बॅटरी धरली की उजेड नेमका हाडांमधून येतो. हे त्या घरातल्या धाकटीला कोणी शिकवलेलं नव्हतं. फिल्म खिडकीशी धरून बघताना तिच्या ते ध्यानात आलं होतं.

ही गोष्ट फेब्रुवारी २०२० ची. गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, वैनगंगेपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं. गावाचं, माणसांचं आणि जातीचं नाव मी मुद्दाम देत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. ज्या घराबद्दल लिहितो आहे त्या घराला अजून त्याच गावात राहायचं आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. या घरातली धाकटी मुलगी माझी विद्यार्थिनी होती. बारावीनंतर तिनं शिक्षण सोडलं, पण येणं-जाणं राहिलं. २०१८ पासून चार-साडेचार वर्षं मी या घराकडे आधी काळजीनं आणि मग अभ्यासक म्हणून पाहत होतो. या दोन नजरा नेहमी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत. त्यातून माझ्या हातून दोन चुका झाल्या, त्या पुढे येतीलच.

घरात बाप आणि तीन मुलं. आई आधीच गेलेली. मधल्या मुलानं एप्रिल २०१८ मध्ये नागपुरात जातीबाहेर लग्न केलं. जातीच्या बैठकीत बापाला सांगितलं गेलं की पोराशी संबंध तोड आणि दंड भर. बापानं दोन्हींना नकार दिला. त्यानंतर कोणी काही बोललं नाही, आणि हेच त्या बहिष्काराचं रूप होतं. पावसाळ्यात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, तयार झाले, रोवणीला बाया मिळेनात. एक म्हणाली माहेरी जायचं आहे, दुसरीचा गुडघा दुखत होता. दुकानात सामान मिळायचं, पण दुकानदार पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला लावायचा. लग्नाच्या पत्रिका थांबल्या. मयतीचा निरोपही येईना.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. असा वेगळा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. मी बापाला हे समजावून सांगितलं. तो बराच वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बोलला त त्याचं नाव देता येते, सर. नाही बोलला त कोनाचं नाव देऊ?"

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला पुढचं कळायचं असेल तर इथल्या नाटकाबद्दल थोडं सांगावं लागेल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पूर्वेकडच्या धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीत धान निघालं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, लेकी माहेरी येतात, आणि रात्री नाटक होतं. नाटक म्हणजे दोन-अडीच तासांचा खेळ समजू नका, इथं नाटक पहाटेपर्यंत चालतं. दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या मातीतून ही रंगभूमी वर आली. आज वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं मोठं केंद्र आहे. व्यावसायिक कंपन्या तिथून निघतात. शिवाय अनेक गावांची स्वतःची मंडळं असतात, आणि गावातल्या माणसाची गावातली जागा पुष्कळदा मंडळातल्या जागेवरून ठरते.

या घरातला थोरला चौदा वर्षं मंडळाचा पेटी मास्तर होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये तालीम सुरू झाली आणि त्याला बोलावणं आलं नाही. देवळाच्या आवारातून दुसऱ्याच कुणाची पेटी ऐकू येऊ लागली. त्या दिवसांत मी एकदा संध्याकाळी गेलो होतो. तो सपरीत, म्हणजे पडवीत, खांबाला टेकून बसला होता आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. देवळातलं गाणं जिथं घसरत होतं तिथं त्याची बोटं थांबायची, गाणाऱ्याला उचलून घ्यायची आणि पुढे न्यायची. महिन्याभरानं गेलो तेव्हा गाणं ऐकू येत होतं आणि बोटं स्थिर होती. पेटी फळीवर ठेवून दिली होती. पुढे पावसाळ्यात तिच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं, तेही त्यानं पाहिलं नाही.

झोप उडाली, जेवण कमी झालं, हे कुणालाही दिसत होतं. मला त्याहून वेगळं एक दिसलं. धान विकताना त्याच्या हिशोबात चूक झाली, आणि ती त्याला घरी आल्यावरही सापडेना. तोंडी हिशोबात हा माणूस गावात पहिला होता. बाउमाइस्टर, ट्वेंगी आणि नस या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना खोटंच सांगितलं होतं की तुमच्या स्वभावावरून दिसतं, तुम्ही पुढे आयुष्यात एकटे पडाल. त्यानंतर त्या लोकांची पाठांतराची साधी कामं बिघडली नाहीत. विचार जोडत न्यायची कामं मात्र बिघडली. थोरल्याकडे पाहताना मला तो निष्कर्ष पहिल्यांदा अंगावर आला. वर्गात मी तो कित्येकदा शिकवला होता.

आता धाकटी. ती शिवणकाम करायची. मंडळाचे कपडे दर वर्षी तिच्याकडेच दुरुस्तीला यायचे, फुकट. गावातल्या बायांचे ब्लाउज यायचे. २०१८ च्या उन्हाळ्यानंतर दोन्ही थांबलं. मशीन बंद पडलेलं, हातात वेळ, आणि बोलायला कोणी नाही. तिनं एक नाटक करायचं ठरवलं. नाटकाला माणसं लागतात आणि माणसं मिळणार नव्हती, म्हणून तिनं सावल्या घेतल्या. रंगमंच नव्हता, तर सपरीच्या दोन खांबांमध्ये बापाचं पांढरं धोतर ताणलं. ट्यूबलाइटनं सावलीच्या कडा फिसकटतात आणि मोबाइलच्या बॅटरीनं धारदार येतात, हे तिनं चार-पाच रात्री करून पाहिलं. आकृती बॅटरीजवळ नेली की मोठी होते, पडद्याला टेकवली की खरी मापाची होते. म्हणून तिच्या खेळात पंच नेहमी मागून येतो, आधी राक्षसाएवढा, आणि पुढे येता येता कोंबडीएवढा होतो. सांध्यांना शर्टाची बटणं आणि दोरा, हलवायला मोडक्या छत्रीच्या काड्या. काही फिल्म तिनं ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून काळा थर काढून टाकला आणि त्यातून पाणी, धूर, चंद्र असे पारदर्शक तुकडे कापले. पंचाची फिल्म तिनं धुतली नाही.

गोष्ट अशी. एका घराशी गावानं बोलणं टाकलं आहे. त्या घरच्या कोंबडीला हे माहीत नाही. ती रोजच्यासारखी गावभर फिरते आणि एके दिवशी पंचाच्या घरातल्या पाटीत अंडं घालते. पंचानं अंडं ठेवून घेतलं तर वाळीतल्या घरचं खाल्लं असं होतं, आणि परत द्यायचं तर बोलावं लागतं. म्हणून पंच कोंबडीशी बोलतो, कारण कोंबडीशी बोलायला मनाई नाही. अंडं इकडून तिकडे ढकललं जातं आणि शेवटी फुटतं. एकूण वीस मिनिटं. सगळे आवाज तिचे एकटीचे.

मी मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण या खेळातली प्रत्येक गोष्ट तुटलेल्या संबंधांच्या जागी आलेली आहे. नट नाहीत म्हणून सावल्या, आवाज देणारे नाहीत म्हणून एकच आवाज, गावाशी बोलता येत नाही म्हणून कोंबडी. पहिल्या खेळाला फक्त पोरं आली. पोरांना घरून कोणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही त्यांनी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या रात्री कुंपणाबाहेर अंधारात तीन-चार मोठी माणसं उभी होती. आत कोणी आलं नाही.

मानसशास्त्रात या विषयावरचा एक अभ्यास माझ्या डोक्यात सतत घोळत होता. शेरन किम, लिन व्हिन्सेंट आणि जॅक गोन्कालो यांनी तीन प्रयोग केले आणि ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जणांना सांगितलं की तुम्हाला गटात घेतलेलं नाही. बाकीच्यांना सांगितलं की हे काम झालं की तुम्ही गटात जाल. मग सर्जनशीलता तपासणारी कामं दिली. एका कामात तीन शब्द देतात आणि तिघांना जोडणारा चौथा शोधायचा असतो. दुसऱ्यात पृथ्वीहून अगदी वेगळ्या ग्रहावरचा प्राणी काढायचा असतो. ज्यांना आधीपासून आपलं वेगळेपण महत्त्वाचं वाटत होतं, त्यांची कामगिरी नकारानंतर सुधारली. ज्यांची स्वतःबद्दलची कल्पना इतरांशी असलेल्या नात्यांत गुंफलेली होती, त्यांना नकारातून तसा काही लाभ झाला नाही. वेगळेपण जपणाऱ्याला नकार मिळाला की 'मी यांच्यासारखा नाहीच' ही जाणीव जागी होते, आणि ती मनाला रुळलेल्या वाटेवरून बाजूला नेते, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे.

त्यातल्या एका प्रयोगात ही स्वतंत्रपणाची भावना तात्पुरती जागी करण्यासाठी उताऱ्यातले 'मी', 'माझं' असे शब्द शोधून खूण करायला लावली होती, आणि दुसऱ्या बाजूला 'आम्ही', 'आमचं'. हे वाचल्यावर मी माझी जुनी टिपणं काढून पाहिली. थोरल्याची बोलणी मी जमेल तशी जशीच्या तशी उतरवत असे. त्याची वाक्यं 'आमचं मंडळ', 'आमी त्या साली', 'आपल्या गावाचं नाटक' अशी सुरू होतात. स्वतःच्या दुखण्याबद्दल विचारलं तरी तो म्हणाला होता, "आमाले झोप येत नाही." धाकटीच्या टिपणात जवळजवळ प्रत्येक वाक्य 'मी' नं सुरू होतं.

एवढ्यावर प्रकरण सुटलं असं मला वाटलं होतं. स्वतंत्र वृत्तीची बहीण फुलली, गटावर जगणारा भाऊ मिटला. अभ्यासाशी जुळणारं उदाहरण हाताशी आलं म्हणून मी खूश होतो.

डिसेंबर २०१९ मध्ये, खेळाच्या आधी, मी दोघांना गंमत म्हणून तीन शब्द दिले होते. घड्याळ, बाभूळ, तराजू. धाकटी विचार करत राहिली. थोरला कोपऱ्यात पाठ करून बसला होता, मला वाटलं तो ऐकतही नाही. तो तिकडूनच म्हणाला, "काटा." मी आणखी दोन-तीन दिले, तेही त्यानंच आधी सोडवले. त्या वेळी मी याची नोंद केली आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण ती माझ्या मांडणीत बसत नव्हती.

ती नोंद पुन्हा उघडायला लावली २०२० च्या उन्हाळ्यानं. जानेवारीत थोरला दुसऱ्या गावच्या मजुरांच्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. आपल्याकडून दर वर्षी हजारो माणसं जातात. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ती तिथं अडकली. एप्रिलच्या शेवटी तो चालत, मिळेल त्या वाहनानं परतला, आणि इतरांसारखं त्यालाही चौदा दिवस गावच्या शाळेत ठेवलं. शाळेच्या दोन खोल्यांत नऊ माणसं होती, चार जातींची. एकाच चुलीवर शिजत होतं. धाकटीनं तेव्हा पेटीचा भाता दुरुस्त केला, जुन्या पिशवीचं रेक्झिन आतून चिकटवून, आणि पेटी शाळेच्या दारात ठेवून आली. त्या रात्रीपासून शाळेतून भजनं ऐकू येऊ लागली. त्या नऊ जणांत कुणालाही गाता येत नव्हतं, असं मला नंतर कळलं. एक म्हातारा फार खालच्या पट्टीत गायचा, एक तरुण तालात चुकायचा. थोरल्यानं म्हाताऱ्यासाठी पट्टी उतरवली. तरुण चुकला की त्या चुकीतूनच पुढची ओळ उचलायची अशी एक चाल त्यानं बसवली. ती चाल त्या नऊ माणसांसाठीच बनली होती आणि त्यांच्याशिवाय वाजली नसती.

म्हणजे त्याची बुद्धी शाबूत होती, कल्पकताही होती. तिचं खाद्य म्हणजे दुसऱ्याचा आवाज. पेटी मास्तराची सगळी निर्मिती समोरचा काय करतो आहे ते ओळखण्यात आणि त्याला अर्ध्या श्वासानं आधी पोचण्यात असते. बहिष्कारानं धाकटीकडून प्रेक्षक आणि गिऱ्हाईक काढून घेतले. थोरल्याचा मात्र कच्चा मालच गेला. मी ज्या प्रयोगांचा आधार घेत होतो त्यांत प्रत्येक जण स्वतःचं काम स्वतः करत होता, शब्द एकट्यानं जोडत होता, प्राणी एकट्यानं काढत होता. संगतीतून जन्मणारी कल्पकता त्या कागदांवर उमटणारच नव्हती. तिथला नकारही काही मिनिटांचा, अनोळखी लोकांकडून मिळालेला. इथला नकार चार वर्षांचा होता आणि रोज विहिरीवर भेटत होता. संशोधक चुकले असं मी म्हणत नाही. त्यांनी जे मोजलं ते मी सगळ्या निर्मितीला लावून मोकळा झालो होतो, ही चूक माझी.

दुसरी चूक अधिक जिव्हारी लागणारी. जानेवारी २०२२ मध्ये तालुक्याला एका कार्यक्रमात मी धाकटीचा खेळ ठेवला. ओळख करून देताना मी भारावून बोललो. गावानं टाकलं, पण त्याच नकारातून ही कला उमलली, असं काहीसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकानं तर बहिष्काराचे आभारच मानले पाहिजेत असं म्हटलं. परतताना एसटीत ती खिडकीबाहेर पाहत होती. फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "सर, तुमी असं सांगतलं जसं का गावानं हाकललं म्हनून मी शिकली. मी त्याच्या आधीपासून कापत होती."

घरी जाऊन तिनं खाटेखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत तेंदूच्या वाळक्या पानांतून, काडेपेटीच्या खोक्यांतून, लग्नपत्रिकांतून कापलेली माणसं होती. काही पत्रिकांवर तारखा होत्या. सगळ्यात जुनी २००७ ची. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असणार. मंडळाचे कपडे दुरुस्तीला आले की त्या कपड्यांतली पात्रं ती कागदात कापायची आणि कुणाला दाखवायची नाही.

"मंग दाखवलं काहून नाही?" मी विचारलं.

"कोनी पाह्यलं असतं त म्हनलं असतं, पोरीच्या जातीनं हे काय लावलं. आता कोनाले पुसा लागत नाही."

याच्यात सगळं आलं. कला आधीची होती. बहिष्कारानं तिला काही दिलं नाही. ज्यांना विचारून वागावं लागे ती माणसं तेवढी वाटेतून बाजूला झाली. ही मोकळीक गाव बहिष्काराशिवायही देऊ शकलं असतं. एखाद्या मुलीनं लग्नपत्रिकेतून नट कापला तर तिला हसायचं नाही, एवढंच करायचं होतं. तिला त्या मोकळिकीसाठी बापाची म्हातारपणातली चार वर्षं, भावाची पेटी आणि रोवणीचे दोन हंगाम मोजावे लागले. असल्या किमतीचे आभार मानायचे नसतात. मी त्या कार्यक्रमात हे थांबवायला हवं होतं आणि थांबवलं नाही.

तिच्या स्वातंत्र्यालाही एक टोक आलं होतं, तेही नोंदवतो. शाळेतून सुटल्यावर थोरल्यानं दोन-तीनदा विचारलं होतं की मी तुझ्या खेळाला पेटी धरतो. तिनं दर वेळी नाही म्हटलं. पेटी आली की लोक गाणं ऐकतील, सावल्या पाहणार नाहीत, असं तिचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण तिच्या आवाजात मला देवळाच्या आवारातला तो नकारही ऐकू आला. ज्याला बराच काळ बाहेर ठेवलं जातं तो दार लावायलाही शिकतो.

२०२२ च्या दिवाळीत मंडळानं बोलावणं पाठवलं. काय बदललं ते कोणी सांगितलं नाही, जसं आधीही सांगितलं नव्हतं. नवा पेटीवाला परवडत नव्हता, हे एक कारण असावं. थोरला त्याच संध्याकाळी गेला. बाप त्याच्यावर चार दिवस रागावून होता. माझ्याही मनात आलं होतं की यानं थोडं तरी ताणून धरावं. पण तहानलेल्या माणसाला विहीर कोणाची ते विचारणारे आपण कोण? मंडळाकडून कपड्यांचं गाठोडंही धाकटीकडे आलं. तिनं ते उघडून पाहिलं, प्रत्येक कपड्याची शिलाई कागदावर लिहिली, बेरीज केली आणि कागद गाठोड्यावर टाचून परत पाठवला. दोन दिवसांनी गाठोडं पैशांसह आलं.

त्या हिवाळ्यात झाडीपट्टीत वेगळाच आनंद होता. जानेवारी २०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली होती. या रंगभूमीकडे बाहेरच्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं, आता टीव्हीवर तिचं नाव येत होतं. फेब्रुवारीत शेजारच्या गावच्या शाळेनं धाकटीला खेळासाठी बोलावलं. मी गेलो तेव्हा पडद्यामागे थोरला पेटी घेऊन बसलेला दिसला. मला आश्चर्य वाटलं. तिनं अट घातली होती, "दादा, एकच सूर धर. गानं नाही."

वीस मिनिटं त्यानं एकच सूर धरला. चौदा वर्षं पहाटेपर्यंत नाटकं वाजवलेला माणूस भाता हळूहळू ओढत, डोळे तिच्या हातांवर ठेवून बसला होता. पंच आला, फासळ्या उजळल्या, कोंबडीशी बोलणं झालं, अंडं इकडून तिकडे गेलं. अंडं फुटलं त्या क्षणी त्यानं सूर सोडून दिला आणि सगळ्या पटांगणात काहीच ऐकू आलं नाही. हे तिनं सांगितलेलं नव्हतं. तिनं एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि छत्रीच्या काड्या तशाच धरून ठेवल्या.

पुढच्या खेळापासून ती शांतता तिनं खेळात ठेवली आहे.